करवंदी लुगडे

तांडेलकाका माझ्याशी पहिले वाक्य बोलले, त्याच्या आधी त्यांनी माझ्या ओढणीवर पाण्याचा थेंब टाकला होता.

बोईसरच्या एका प्रोसेस हाऊसमधला, म्हणजे कोरे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यातला, तो माझा पहिला दिवस. वस्त्ररसायनशास्त्रातली एम.एस्सी. नुकतीच हातात पडलेली, अंगात पांढरा कोट, आणि पाच वर्षांनी आपण कुठे असणार याचा आराखडा डोक्यात पक्का. ओढणी काढून मी खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. ठेंगणे, खाकी शर्टातले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ प्रयोगशाळेत आले. त्यांनी काचपात्रात बोट बुडवले, ओढणीचे टोक तळहातावर सपाट केले, वरून एक थेंब सोडला आणि ते ओठांतल्या ओठांत मोजू लागले. थेंब मण्यासारखा जागच्या जागी बसून राहिला. मग घरंगळून फरशीवर पडला.

"पीत नाय," ते म्हणाले. "पानीच पीत नाय ते रंग काय खानार? पॉलिएस्टर हाय, मॅडम. दुकानदारानं सुती म्हनून दिली ना?"

दुकानदाराने सुती म्हणूनच दिली होती.

थेंबाची ही परीक्षा पाठ्यपुस्तकातही आहे. तिथे तिला ब्यूरेट, ठरावीक उंची आणि स्टॉपवॉच लागते. कोऱ्या सुती कापडात मेण असते, विणताना लावलेली खळ असते. ती नीट निघाली नाही, तर कापड पाणी शोषत नाही आणि रंग डागाडागांनी चढतो. म्हणून आधी थेंब. काकांनी ही परीक्षा प्रयोगशाळेबाहेर नेली होती. साहेबांच्या केबिनचे पडदे, सत्यनारायणाच्या चौरंगावरचे वस्त्र, आणि एकदा तर दिल्लीहून आलेल्या ग्राहकाचा 'प्युअर कॉटन' म्हणून मिरवला जाणारा शर्ट. तो चहा पीत असताना काकांनी त्याच्या बाहीवर थेंब सोडला. थेंब टिकला. "साहब, आपका शर्ट हमारे यहाँ नहीं रंगेगा," काका अत्यंत अदबीने म्हणाले. ग्राहक हसला म्हणून निभावले. आमचे साहेब मात्र दुपारपर्यंत घाम पुसत होते.

त्यांचे नाव नारायण तांडेल. उत्तरेकडचे कामगार त्यांना चाचा म्हणत, साहेब नुसते तांडेल, आणि आठवड्याभरात मी काका म्हणू लागले. दातिवऱ्याच्या मासेमारी करणाऱ्या घरात जन्मलेल्या या माणसाला दर्या लागत असे. होडी खाडीच्या तोंडाबाहेर पडली की उलटी ठरलेली. "बापानं तीन वेळा नेला मला. चवथ्या वेळी म्हनाला, ह्याला जमिनीवरच ठेवा, उगाच मासळीला चारा घालतो." म्हणून ते बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत हेल्पर म्हणून लागले, मशीन धुता धुता रंग शिकले आणि लग्नानंतर माकुणसारला स्थायिक झाले. मी आले तेव्हा कागदोपत्री ते प्रयोगशाळेतले सहायक होते. प्रत्यक्षात त्यांच्या होकाराशिवाय कापडाचा एकही ताका बाहेर जात नसे. मी जवळच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत वाढलेली, वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले. माझे मराठी काकांना रेडिओवरच्या बातम्यांसारखे वाटे. "पोरी, तू बोलायला लागलीस की मला वाटतं आता हवामान सांगनार."

रिअॅक्टिव्ह रंगांची ओळख मला तक्त्यांतून झाली होती: कोणता क्रियाशील गट, कोणते तापमान, किती धुण्याचा सोडा. काकांनी तीच ओळख शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी करून दिली. जवळजवळ साध्या पाण्यात काम करणारे 'थंडे' रंग त्यांच्या लेखी उतावळे. "सोडा दिसला की धावत सुटतात. घरात बादलीत रंगवायला बरे. मोठ्या मशीनवर आपल्यालाच नाचवतात." साठ अंशांवर बसणारे ते समजूतदार. आणि पाणी ऐंशीला पोहोचल्याशिवाय जागचे न हलणारे ते सुस्त, "पन एकदा बसले की घरजावयासारखे, उठायचं नाव नाय." सुताला सोडा मोकळ्या हाताने, रेशमाला जपून, लोकरीला अजिबात नको, हेही त्यांनी याच सुरात सांगितले. "लोकरीला सोडा घालशील तर स्वेटरचं पिठलं होईल."

रंग निवडताना भाव आणि झळाळी शेवटी पाहायची, आधी चाल पाहायची, हा त्यांचा नियम होता. बहुतेक छटा तीन रंगांच्या मिश्रणातून होतात. ते तिन्ही कापडावर सारख्या वेगाने चढले नाहीत, तर एकाच ताक्याचे एक टोक तांबूस आणि दुसरे निळसर निघते. महाविद्यालयात यावर आम्हाला दोन तास आणि चार आलेख खर्च करावे लागले होते. काका म्हणाले, "होडीत तीन वल्हवनारे. एक जोर करतो, एक झोपतो, एक गानी म्हनतो. मग होडी गोल फिरते. आपन काय गोल फिरायला निघालो?" होडीत बसले की उलटी होणारा माणूस हे सांगत होता, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिले. "म्हनून तर सांगतो," ते म्हणाले. "मी आडवा पडून बघत होतो ना सगळं."

मिठाचे आणि सोड्याचे कामही त्यांनी एका वाक्यात बसवले होते: "मीठ बोलावतं, सोडा बसवतो." पाण्यात सूत आणि रंग एकमेकांना दूर ढकलतात, मीठ हा दुरावा कमी करते. मग सोडा घातला की धागा आणि रंग यांच्यात बंध तयार होतो, आणि रंग धाग्यावर न राहता धाग्याचाच भाग होतो. अडचण अशी की सोडा घातल्यावर काही रंग धाग्याऐवजी पाण्याशीच जोडला जातो. तो वाया गेलेला रंग कापडात नुसता अडकून बसतो आणि पहिल्या पावसात, पहिल्या घामात सुटतो. तो उकळत्या साबणाच्या पाण्याने धुऊन काढावाच लागतो, आणि कारखान्यात नेमका याच वेळी सगळ्यांना कंटाळा येतो.

रामसजन नावाचा आमचा मशीन ऑपरेटर याबाबतीत विशेष उत्साही होता. लाल कापड दोनदा धुऊन झाले की त्याला ते स्वच्छ दिसू लागे. काका ओल्या कापडावर आपला पांढरा रुमाल दाबत. रुमाल गुलाबी होई.

"चाचा, हल्का सा है. इतना तो चलता है."

"चलता है तो इसी का कुर्ता सिला ले, और बारिश में घर जा. बीवी पूछेगी, किसका रंग लगा के आया?"

कामगार हसत, रामसजन पुन्हा पाणी सोडत असे. अशाच एका दिवशी मी विचारले की इतक्या धुण्याने पाणीही खूप रंगते, मग त्याऐवजी सुरुवातीलाच जास्त बसणारा रंग का घेत नाही? "हेच मी साहेबांना किती वर्षं सांगतो. स्वस्त रंग घेतात, निम्मा पान्यात जातो. पान्यातला रंग जातो कुठं? शेवटी समुद्र एकच. माजं गाव हाय तिथं." पुढच्या महिन्यापासून मी रंगांच्या खरेदीच्या तक्त्यात किमतीशेजारी एक नवा रकाना जोडला: कापडावर टिकणारा वाटा. माझ्या कारकिर्दीतले हे पहिले काम, ज्याचा मला आजही अभिमान वाटतो, आणि ते मुळात माझे नव्हते.

लुगड्याची गोष्ट मला कळायला मात्र वर्ष गेले.

श्रावण सुरू झाला की काका नमुने रंगवण्याच्या छोट्या यंत्राशेजारी मोठे पातेले मांडून काहीतरी स्वतंत्र रंगवत. साहेबांची परवानगी होती. वर्षातून एकदा, एकच लुगडे. नऊवारी, सुती, आणि रंग करवंदी. करवंदाच्या काळ्या सालीचा नव्हे. पिकलेले करवंद फडक्यावर चिरडले की उमटतो तो, लाल आणि जांभळ्याच्या मधला. ते घेऊन काका नारळी पौर्णिमेला दातिवऱ्याला जात. तिथे त्यांची थोरली बहीण राहत असे. गाव तिला बाय म्हणायचे, तेही तिला बायच म्हणत.

आई गेली तेव्हा काका सहा वर्षांचे होते, आणि बाय नुकती लग्न होऊन त्याच गावात दिलेली. वडील समुद्रावर. बायने धाकट्या भावाला सासरी नेले, वाढवले, शाळेत घातले. मासळीच्या पाटीवर आलेल्या पहिल्या कमाईतून तिने पालघरच्या दुकानातून स्वतःसाठी करवंदी लुगड्यांची जोडी घेतली होती. "त्याच्याच पदराखाली झोपायचो मी," काका म्हणाले. त्या जोडीनंतर बाय वर्षानुवर्षे त्याच रंगाची लुगडी नेसली. मग एका वर्षी दुकानदाराने सांगितले की सुती करवंदी आता येत नाही, विणणारेच बंद झाले. नायलॉनचे घ्या, टिकाऊ आहे. बायने ते अंगाला लावून पाहिले आणि परत फेकले. "पापलेटाची खवलं चिकटल्यासारखं वाटतं!"

"तेवा मी बोललो," काका सांगत होते, "बाय, मी रंगाऱ्याच्या कारखान्यात हाय. मी करून देतो."

हे बोलणे त्यांना महागात पडले. पहिले लुगडे त्यांनी दातिवऱ्यालाच, अंगणात रंगवले. रंगवायला मीठ लागते, आणि समोर तर अख्खा समुद्र! त्यांनी चार कळश्या समुद्राचे पाणी आणून त्यातच रंग कालवला. सोडा टाकताक्षणी पाण्याचे दही झाले. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही असते, ते सोड्याशी मिळून साका धरतात, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. लुगड्यावर पांढरे ठिपके उमटले. बाय उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "नाऱ्या, ह्ये नेसायचं की वाळत टाकायचं? सुक्या बोंबलासारखं दिसतंय."

त्यानंतरची लुगडी कारखान्याच्या क्षार काढलेल्या मऊ पाण्यात, मोजूनमापून रंगवलेली. पण बायचे उत्तर बदलले नाही. दर पौर्णिमेला ती लुगडे उघडायची, अंगणात नेऊन उन्हात धरायची आणि म्हणायची, "हा तो नाय." लुगडे मग पेटीत जायचे किंवा घरकामाला नेसले जायचे, पण पास व्हायचे नाही.

"अहो काका, पन्नास वर्षांपूर्वीचा रंग," मी म्हणाले. "तिला तरी तो नक्की आठवतो का?"

"रंग तिचा हाय. पास तिनंच करायचा." त्यांनी पातेल्यातले लुगडे काठीने उलटले. "एकदा 'हाच तो' म्हनाली ना, की मी सुटलो बघ. तिनं मला वाढवलं. मी तिला एक रंग देऊ शकत नाय?"

आमच्या व्यवसायात ग्राहक नमुना देतो, आपण तो जुळवतो. बायची जुनी लुगडी तर विटून, फाटून गेलेली. नमुनाच नसेल तर जुळवायचे कशाशी? मला हा प्रश्न छान वाटला. तो सोडवता येईल असे वाटले. त्या वैशाखात आम्ही सफाळ्याच्या बाजारात डोंगरावरून आलेल्या एका बाईकडून द्रोणभर करवंदे घेतली. बाई म्हणाली, "खायला घेतां का नाय? नुसतीच बघतां!" प्रयोगशाळेत आणून आम्ही ती सुती फडक्यावर चिरडली, आणि डाग तपकिरी पडायच्या आत मी तो रंग रंगमापक यंत्रावर मोजला. आकडे मिळाले. आकड्यांवरून कृती मिळाली. काकांनी लुगडे रंगवले आणि आम्ही दोघे पौर्णिमेला दातिवऱ्याला गेलो.

बाय काठीसारखी उभी, सडसडीत, आवाज भरतीला ऐकू जाईल असा. "ही कोन रे?"

"आमच्या लॅबच्या मॅडम. मशीनवर रंग मोजतात."

"मशीनला बहीन हाय काय?" तिने लुगडे उन्हात धरले. "नाय. मातकट हाय. तो असा मेलेला नव्हता रे नाऱ्या, तो जिता होता."

परतीच्या वाटेवर मी पुढचे पाऊल ठरवूनही टाकले: मातकट वाटते म्हणजे निळ्याची कमतरता. पुढच्या वर्षी निळा वाढवला. बाय म्हणाली, "जवळ आलास." काकांनी त्या दिवशी एस.टी.त अनोळखी माणसांना नारळाच्या वड्या वाटल्या. त्याच्या पुढच्या वर्षी निळा आणखी वाढवला. लुगडे पातेल्यातून निघाले तेव्हा काकांनी ते उजेडात धरले. "पोरी, मला हा जास्त वाटतो."

"काका, मागच्या वर्षी याच दिशेने आपण जवळ गेलो. ग्राहक कोण? बाय."

"खरं हाय," ते म्हणाले.

बाय म्हणाली, "आता थोडकंच राहिलं."

दिवाळीनंतर काका निवृत्त होणार होते. मग प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, मऊ पाणी नाही. पुढच्या पौर्णिमेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. त्यांनी साहेबांकडून वर्षातले दुसरे लुगडे रंगवायची परवानगी मागून घेतली. ते 'थोडकं' भरून काढायला एवढीच एक संधी उरली होती. मलाही एका रंग बनवणाऱ्या कंपनीच्या संशोधन विभागातून बोलावणे आले होते. माझा आराखडा ठरल्यापेक्षा लवकर पुरा होत होता, आणि काकांचा एका शब्दावर अडला होता.

त्याच सुमारास, गणपतीनंतर, बायच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पालघरला झाली. एक डोळा आधी, दुसरा काही दिवसांनी. काका रजा घेऊन दोन्ही वेळा बरोबर गेले. आणि दुसरी पट्टी निघाल्यावर आठवड्याभरात, प्रयोगशाळेत भर दुपारी, काकांचा फोन वाजला. बायचा आवाज मला टेबलापलीकडे ऐकू येत होता.

"नाऱ्या! माज्या लुगड्यांना काय केलंस रे?"

"काय झालं?"

"जांभळी झाली! वांग्यासारखी! वर्षभर ह्येच नेसून गावभर फिरले, कोनी बोललं पन नाय मला!"

काकांनी फोन खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच थकवा पाहिला. "जवळ नव्हतोच आपन," ते म्हणाले. "लांबच चाललो होतो."

मला मात्र त्याच क्षणी उत्तर दिसले, आणि इतक्या उशिरा दिसले म्हणून माझीच लाज वाटली. रंग ठरायला तीन गोष्टी लागतात: वस्तू, प्रकाश आणि पाहणारा डोळा. वस्तू मी दशांशापर्यंत मोजली होती. प्रकाश सकाळच्या उन्हाचा, तोही ठीक. डोळा मी गृहीत धरला होता. मोतीबिंदूने डोळ्यातले भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडवते. बाय कित्येक वर्षे पिवळ्या काचेतून पाहत होती. तिला प्रत्येक खरा करवंदी मातकट दिसणारच होता. मी हे काकांना सांगितले.

"म्हंजे तिच्या काचेपायी आपन निळा ओतत बसलो."

"मी ओतायला लावला, काका."

"ओतला मीच ना," ते म्हणाले.

सुटीच्या दिवशी आम्ही दातिवऱ्याला पोहोचलो तेव्हा बाय ओट्यावर बसली होती. दवाखान्याचा काळा चष्मा तिने कपाळावर चढवला होता, आणि आजूबाजूला पेटीतली सगळी लुगडी पसरलेली. विटकी, मातकट, तांबूस, आणि माझी दोन, ठळक वांगी.

"आलास? मशीनवाली पन आली? बसा. च्या ठेवते मग. आधी ह्ये बघ." तिने मांडीवरची घडी उचलली. "पेटीच्या तळाला होतं. माजं जुनं. जोडीतलं दुसरं! मला वाटलं कवाच फाटलं ते."

तिने ते उलगडून उन्हात धरले. आतला लाल जिवंत होता आणि त्याच्या मागे जांभळा, जेमतेम. त्या अंगणात तो रंग दाखवायला कोणत्याही यंत्राची गरज नव्हती.

"हाच तो," बाय म्हणाली. "हाच! किती वर्षं सांगते तुला, हा रंग, हा रंग. तुला कदी जमला नाय रे नाऱ्या."

काकांनी दोन्ही हात पुढे केले आणि लुगडे घेतले. कापड बोटांत फिरवत ते काठाशी आले, आणि कोपऱ्यात मला चार बारीक पांढरे टाके दिसले. रंगवण्याआधी कापडावर खूण करायची तर आम्ही ती पॉलिएस्टरच्या धाग्याने करतो. कापड रंगते, तो धागा रंग घेत नाही, खूण पांढरीच राहते. पन्नास वर्षांपूर्वीच्या दुकानातल्या लुगड्यावर ती असण्याचे कारण नव्हते. काका दर वर्षीच्या लुगड्यावर एक टाका वाढवत. चार टाके म्हणजे चौथे वर्ष. मी बोईसरला येण्याच्या खूप आधी, यंत्राशिवाय, आकड्यांशिवाय, नुसत्या आठवणीवर काकांनी तो रंग जुळवला होता, आणि पिवळ्या काचेमागून बायने तो नापास केला होता.

पुरावा समोर होता. मी तोंड उघडले. "बाय, हे लुगडं तर—"

काकांचा अंगठा कोपऱ्यावर आला आणि टाके झाकले गेले. "पोरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आतून बायला पानी आन गो जरा."

मी उठले. माठ आतल्या खोलीत होता. पाणी घेऊन येताना मला दारातून काकांचा आवाज ऐकू आला, अगदी सहज, हवापाण्याचे बोलावे तसा.

"नाय जमला बाय. खरं हाय."

"जमंल," बाय म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. "तू काय टाकून दिलेला नायस. आता नमुना मिळाला ना? ह्येच्यावरून कर."

"मग कोपरा कापून दे थोडा."

"कात्री लावशील तर हात तोडीन! मोठा आलाय कापनारा." तिने लुगडे हिसकावून घेतले, पदराचे टोक चिमटीत धरले, सुटलेल्या दशांमधली एक अलगद ओढून काढली आणि भावाच्या तळहातावर ठेवली. "घे. एवडी पुरे. मिजास नको करूस."

चहा झाला. बाय तेच लुगडे खांद्यावर टाकून आम्हाला वेशीपर्यंत सोडायला आली. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकीला थांबवून ती सांगत होती, "बघ, माजं जुनं! कसा रंग हाय!" बायका लुगडे हातात घेऊन तोंडभरून वाखाणत होत्या. काका मागून चालत होते आणि प्रत्येक वेळी मान डोलावत होते.

एस.टी.त मला राहवेना. "काका, चौथ्या वर्षाची कृती तुमच्या वहीत आहे ना?"

"हाय."

"मग त्या दशीची काय गरज होती? आणि तिला सांगितलं का नाही?"

"त्या वर्षी मला पन वाटलेलं, जमला," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "मग ती नाय म्हनाली. मी म्हनालो, माजा डोळा चुकत असेल." मग ते हसले. "तिला तिचं लुगडं मिळालं. आता ते माजं हाय म्हनून परत घेऊ काय?"

आजही एखाद्या बैठकीत श्रेय कुणाचे यावर आवाज चढू लागले की मला ते वाक्य आठवते. दुसऱ्याच दिवशी मी बोईसर सोडले. काका दिवाळीनंतर निवृत्त झाले, आणि त्याआधी त्यांनी शेवटचे लुगडे रंगवले, असे रामसजनने मला फोनवर सांगितले. बाय काय म्हणाली, ते मी विचारले नाही.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते दातिवऱ्याहून परतलो त्याच संध्याकाळी, सफाळ्याला. मला स्टेशनात जायचे होते, त्यांना माकुणसारची रिक्षा धरायची होती. "जा पोरी, मोठी हो," म्हणून ते वळले. मी जिन्याच्या चार पायऱ्या चढून मागे पाहिले. रिक्षा भरत आली होती, चालक हाका मारत होता आणि काका बाजूला उभे होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून एस.टी.चे दुमडलेले तिकीट काढले, उलगडले, वाऱ्याला पाठ करून दुसऱ्या हाताचा आडोसा धरला आणि त्यातल्या एका धाग्याकडे पाहत राहिले. रिक्षा त्यांना न घेता निघून गेली.